ओट्यावरचा भूकंप

३ नोव्हेंबर

नवशिक्या! अठ्ठावीस वर्षं तारापूरच्या औषध कारखान्यात मशीनवर गोळ्या दाबल्या, आणि आज मोबाईलमधला तो टोपीवाला गोरा मला नवशिक्या म्हणतो. व्हिडिओचा विषयच तो — नवशिक्याने घरी रायफलची काडतुसं भरायला कोणती अवजारं घ्यावीत. त्यात आहे काय? पावडर, डाय म्हणजे साचा, प्रेस आणि वजन. म्हणजे आमचंच खातं. आमची गोळी पाण्याबरोबर घ्यायची, ह्याची लांबून, एवढाच फरक.

आमच्या हिमानीची जानेवारीत नेमबाजीची निवड चाचणी, तीनशे मीटरची. क्लब तिला महिन्याला चाळीस काडतुसं देतो. बाकीच्या मुली दोन-दोनशे झाडतात, बापांच्या जिवावर. माझ्या पोरीचा बाप निवृत्त. सेक्रेटरी म्हणाले, पालघरजवळ कोळगावच्या कलेक्टर कचेरीतून घरी भरायची परवानगी आणा, पावडर आणि रिकामी काडतुसं क्लब देईल. परवानगीआधी पावडर घरात आणायची नाही. कबूल. तोवर सरावाला पावडरीच्या जागी रवा.

वही घातली कारण आमच्या कारखान्यात नियमच होता — जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

४ नोव्हेंबर

बायकोला, शकूला, रव्याचं कळलं. उद्यापासून तांदळाच्या कण्या.

७ नोव्हेंबर

प्रेस ठरला. एक असतो चक्रीवाला, भराभर काम करणारा. माझं मन तिकडेच धावलं, मशीनवाल्याचं धावणारच. पण टोपीवाला म्हणतो नवशिक्याने एकेरीच घ्यावा, एका वेळी एकच काडतूस, म्हणजे चूक झाली तर एकातच होते. नव्या पोरांना मीही हेच सांगायचो आणि ती मनातल्या मनात माझा उद्धार करायची. आज मी टोपीवाल्याचा केला, मग एकेरी घेतला. क्लबमधल्या एकाचा जुना मिळाला. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला आवळून बसवलाय.

शकू दहा मिनिटं त्याच्याकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "ह्याच्यात नारळाचं दूध निघंल काय?"

१० नोव्हेंबर

काटा आणला. खिशात मावणारा. फेकून देण्याच्या लायकीचा आहे. चमच्याने कण्या सोडतोय आणि आकडा थुईथुई नाचतोय. दर वेळी चार दाणे जास्तच पडतात. इथे दाण्याचा फरक म्हणजे तीनशे मीटरवर वीतभर. हिमानीनेच सांगितलंय.

पंखा बंद करून पाहिलं, खिडकी लावून पाहिलं. घामाने भिजलो, पण आकडा थांबेना.

शकू बाजारातून पाटी रिकामी करून आली. तीस वर्षं मासळी विकतेय. तिने मूठभर कण्या उचलल्या आणि म्हणाली, "मी हातानं तोलून देते. माजा हात काटाच हाय." तिला म्हटलं, बोंबील आणि काडतूस ह्यात फरक आहे. "हाय ना. बोंबील खाता येतं."

१४ नोव्हेंबर

कोळगावला गेलो. एवढी मोठी इमारत, आणि त्यात एक धड पेन नाही. अर्जावरची सही बँकेच्या पासबुकाशी जुळत नाही म्हणे. पुन्हा केली. तीही जुळेना. तिसरी केली. क्लार्क मुलगी बिचारी सभ्य होती. म्हणाली, "काका, ह्या तीन सह्या तीन माणसांच्या वाटतात." सांगितलं तिला, सरकारी पेन आहे, प्रत्येक वेळी वेगळा माणूस होऊन लिहितं. हसली. अर्ज परत दिला.

हिमानीला सांगितलं, साहेब रजेवर होते.

१८ नोव्हेंबर

दुसरा काटा. सोनाराकडचा. बोईसरच्या रामकिसनकडून आणला, तो कारखान्यांना काटे दुरुस्त करून देतो. दुकानात त्याने वजन ठेवलं तर आकडा खांबासारखा उभा. घरी आणला की नाचकाम सुरू! परत घेऊन गेलो. त्याने पुन्हा वजन ठेवलं, पुन्हा खांब. "चाचा, काँटे को मत डाँटो, काँटा ठीक है."

मग डोक्यात प्रकाश पडला. धक्के! डहाणूकडे जमीन हलते ती आमच्या ओट्यापर्यंत येत असणार. जुना सोबती देवू धुंदलवाडीचा, भूकंप त्याच्या घरचा पाहुणा. त्याला फोन लावला.

"आज काय नाय हाललं," देवू म्हणाला. "कोंबडी पन झोपली हाय."

१९ नोव्हेंबर

शकू ऐकत होती. तिने एवढंच ऐकवलं — नाचता येईना, अंगण वाकडं.

२४ नोव्हेंबर

तिसरा काटा. काचेच्या पेटीतला, बंद पडलेल्या लॅबमधला. आमच्या कारखान्यातही असाच होता, बघून डोळे निवले. आता माझ्या आणि आकड्याच्या मध्ये वारासुद्धा येणार नाही.

तरी नाचतोय. आज एक गंमत लक्षात आली. मी चहाला उठलो की आकडा गपगार. परत येऊन चमचा आत घातला की सुरू. म्हणजे काटा माणूस ओळखतो! शकूला म्हटलं, लाजाळू आहे. ती हसली नाही. माझी बशी उचलून खालचा सांडलेला चहा पुसत होती. हल्ली ती कप अर्धाच भरते. दुधावर उतरली असेल कंजुषी.

२८ नोव्हेंबर

हिमानीची चाळीसच्या चाळीस संपली. आज रेंजवर नुसती रिकाम्या रायफलीने नेम धरून बसली होती. बाजूची पोरगी धडाधड झाडत होती म्हणे. मला फार वाईट वाटलं. प्रेस आणला, काटे आणले, आणि पोरीला एक काडतूस देता आलं नाही मला.

म्हटलं, बघ, तुझा बाप किती तयारीत आहे. काचेची पेटी उघडली, चमचा घेतला. ती ओट्याला टेकून बघत राहिली. आकड्याकडे नाही. श्वास रोखून, एक डोळा बारीक करून, टार्गेटकडे बघते तशी. मग माझं मनगट धरलं तिने. आकडा थांबला.

"बाबा, ओटा नाय हालत."

मी म्हटलं, मग काटा. उद्या सुट्टी टाकते, पालघरला जाऊ म्हणाली. सहीचं तिला कळलं वाटतं.

२९ नोव्हेंबर

गेलो होतो. कोळगावला नाही.

४ डिसेंबर

हे अक्षर हिमानीचं आहे. बाबा सांगतात, मी लिहिते, शिव्या गाळून.

भूकंपातला भू काढा. उरतो तो मला झालाय. डॉक्टर कंपवात म्हणाले. तिन्ही काटे निर्दोष होते. रामकिसनची माफी मागायची आहे, पेनची नाही. अर्ज आता हिमानीच्या नावाने, वजन ती करेल. प्रेसची दांडी मी ओढेन, तिला हात हलला तरी चालतो.

मला भीती वाटते. हेही लिही म्हटलं. लिहिलं तिने.

रोज तीन गोळ्या दिल्यात. असल्या गोळ्या मी मशीनवर पोत्याने दाबल्या, त्या घेतं कोण हे कधी मनात आलं नाही. आजची पहिली हिमानीने काट्यावर ठेवली. आकडा जागचा हलला नाही.