वरणातलं मीठ आणि पुस्तकातली टाकी

धामणगाव बढे,
जून १९६४

ती. रंगरावमामांच्या चरणी हिंमतचा दंडवत.

आम्ही सगळे खुशाल आहोत (वरण सोडून, ते पुढे येईलच). मामींचे गुडघे आता कसे आहेत?

नागपूरचा माझा निकाल डोणगावपर्यंत पोचला असेलच. बाकी सगळं सुटलं, एक डिफरन्शियल इक्वेशन्सचा पेपर तेवढा अडला. बाबांनी विचारलं, ते शिकून होतं काय? मी सांगितलं, एखादी गोष्ट कोणत्या वेगाने बदलते हे कळलं, की पुढे ती किती उरेल हे कागदावर काढता येतं. बाबा म्हणाले, उपयोग दिसला तर ऑक्टोबरच्या परीक्षेला धाडतो, नाहीतर या पेरणीला तिफण धर. (माझी तिफण किती वाकडी चालते, हे तुम्ही पाहिलेलं आहे.)

पेरणीआधी शेतातल्या मारुतीपुढे आमच्याकडे रोडग्यांचं जेवण असतं, तिथेच संधी आली. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, चुलीवर वरणाचा भला मोठा गंज होता. आईने मीठ टाकलं. मंजुळाकाकूनेही टाकलं. (आखाजीच्या सणापासून दोघींचं बोलणं बंद, त्यामुळे एकीने दुसरीला विचारायचा प्रश्नच नव्हता.) वरण तोंडात धरवेना आणि पंगत तर बसायला आलेली. मी पुढे झालो, कारण आमच्या पुस्तकात हेच उदाहरण आहे. खाऱ्या पाण्याची टाकी, वरून गोडं पाणी सोडायचं, खालून तेवढंच काढायचं, सारखं ढवळायचं. तर मीठ निम्मं कधी होईल? मी काडीने मातीत गणित मांडलं, काकूला ढवळायला बसवलं, एका हाताने पाणी ओतलं आणि दुसऱ्या हाताने वरण काढून बांधावर टाकलं. मामा, उत्तर तंतोतंत आलं! मीठ निम्म्यावर आलं. फक्त त्याच्याबरोबर दाळही निम्म्यावर आली. (पुस्तकातल्या टाकीत दाळ नसते. ही चूक पुस्तकाची.)

बाबांनी द्रोण तोंडाला लावला आणि भर पंगतीत विचारलं, "काऊन बे हिंमत, तुह्या टाकीत दाळ नव्हती काय?" आई आणि काकू मला हसता हसता पुन्हा एकमेकींशी बोलायला लागल्या, एवढाच काय तो फायदा. बाबा मात्र दुसऱ्या दिवसापासून तिफण नीट करताहेत. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, मामा, मला फार वाईट वाटतंय. वर्षभर न कळलेला विषय मला त्या मातीत मांडताना पहिल्यांदा कळला.

आपला भाचा,
हिंमत

ता.क. खरं काम असं की रविवारी याच. बाबा मेहुण्याचा शब्द मोडत नाहीत. ऑक्टोबरचं त्यांच्याकडे काढा, पण मी कळवलंय हे सांगू नका.

ता.क. २. बाबा मोताळ्याला निघालेत, तेव्हा पत्र त्यांच्याच हाती पोस्टात देतोय. दुसऱ्याचं पत्र ते कधी वाचत नाहीत.

ता.क. ३. रंगराव, मी कडूबा. वाचलं. रविवारी या, पण शब्द टाकाची गरज नाही. पोराले नागपूरले धाडून राह्यलो. टाकीत दाळ असली तं काय कराव, ते तरी शिकून येऊ दे. मारुतीपुढं त्यानं मातीत मांडलेलं गणित अजून तसंच हाये. त्याच्यावरून म्या कोणाले चालू देलं नाही.