गंधाखालची अक्षरे

मी, गुणाबाई पायगोंडा मगदूम, वय एकोणऐंशी, राहणार निपाणी, पूर्ण भानावर असून, कोणी भरीस न घालता ही व्यवस्था लिहून ठेवते. डोके ठीक आहे. गुडघे गेले, पण वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

१. राहते घर मुलगा श्रेयस याचे. निळे इरकल सुनेचे. विहीणबाईंनी कितीही कौतुक केले तरी त्यांना देऊ नये.

२. सासऱ्यांकडून आलेली ताडपत्राची पोथी एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष धाकटे दीर धनपाल यांच्याकडे असे. पोथी कुठेही असो, श्रुतपंचमीला तिची पूजा मात्र माझीच. प्रत्येक पानाला चंदनाचे गंध लावायची. नुसते टेकवून मन भरत नसे, चांगले चोळायची. पाने काळवंडली, अक्षरे दिसेनाशी झाली, तेव्हा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सगळ्यांसमोर मी म्हणाले, भाऊजींनी पोथी ओलीत ठेवली. ते एवढेच बोलले, "वैनी, म्या तिची दोरी बी सोडली न्हाय." त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. मीही बोलावले नाही. पोथी आमच्याकडेच राहिली.

यंदा नात दीप्तीने पाने न पुसता, न धुता, निरनिराळ्या उजेडात कॅमेऱ्याने टिपली. संगणकावर गंधाखालची अक्षरे वर आली. गंधात उमटलेले बोटही आले. "आज्जी, हे बोट कुणाचं गं? पानोपानी हाय." मी चहा ठेवायला उठले, आणि चहा झाला तरी आतच बसून राहिले. फार लाज वाटली. अजून वाटते.

३. म्हणून पोथी कायमची भाऊजींच्या घरी जावी. फोटोंची एक प्रत त्यांना, एक बस्तीला. यापुढे पानांना कोणी हात लावू नये. गंध-अक्षता फोटोला वाहाव्यात. माझी गंध उगाळायची सहाण दार आपटू नये म्हणून दाराला लावावी.

४. दुसरे कलम बस्तीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. दीप्ती म्हणते, "आज्जी, जित्ती हाइस तवर तूच सांग की!" पोरी, दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले गं. पाय उचलला नाही, आणि या खेपेला दोष गुडघ्यांचा नव्हता.

५. मला सही येते. तरी तिच्या शेजारी उजव्या हाताची अनामिका उमटवते. गंध याच बोटाने लावले. फोटोतल्या ठशाशी ताडून पाहावे. भाऊजींवर कुणाचा संशय राहू नये.

सही: गुणाबाई पायगोंडा मगदूम
ठसा: उजवी अनामिका

आमच्यादेखत सही केली, बोट उमटवले:
सौरव उपाध्ये
चंदना चौगुले

निपाणी, २० मे २०२५