मेणाविना चोपन्न किलोमीटर

३ ऑक्टोबर
स्कीचा सराव आजपासून पुन्हा सुरू. कॉलेज सुटून अकरा वर्षं झाली, पण शरीर विसरत नसतं. ध्येय: मार्चमधली डोंगरापलीकडची शर्यत, ५४ किलोमीटर. साडेचार तासांत पोचणाऱ्याला बिल्ला. बायकोशी, इंगुनशी ठरलं, हा हिवाळा माझा, जुळी मुलं तिच्याकडे. बिल्ला मिळाला तर पुढचाही माझाच. नाही मिळाला तर तिचा, आणि रविवारी मुलं मी सांभाळायची. लगेच कबूल केलं. तीही कॉलेजच्या संघात होती. पण ते निराळं.

१९ ऑक्टोबर
बर्फ नाही म्हणून चाकांच्या स्कीवर, रस्त्याने. चर्चच्या चढावर एका आजींनी सायकलवरून मागे टाकलं. सायकल बॅटरीची असणार.

२७ नोव्हेंबर
पाऊस. विश्रांती हाही सरावच. सलग चौथा आठवडा.

९ जानेवारी
आयोजकांनी मला शेवटच्या तुकडीत टाकलं. हौशी मंडळी, पंच्याहत्तरीचे काका वगैरे. कॉलेजचं प्रशस्तिपत्रक जोडून निषेध कळवला. उत्तर आलं: दोन वर्षांपेक्षा जुने निकाल धरत नाही. हरकत नाही. जितके पुढे, तितके ओलांडायला.

२ मार्च
मोठा निर्णय. चढावर स्की मागे घसरू नये म्हणून खाली पकडीचं मेण लावतात; हल्ली चॅम्पियन ते लावतच नाहीत. कोरी स्की, नुसत्या दंडांच्या जोरावर काठ्या मारत सगळी शर्यत. माझ्या हिशेबाने बारा मिनिटं वाचतात, आणि मला बरोबर बाराच कमी पडतायत.
सासरे, आस्गेर, जेवायला होते. त्यांच्याकडे तेवीस बिल्ले आहेत, त्यामुळे बोलायची सवय. म्हणाले, "जावईबापू, त्या पोरांचे दंड बघितलेत का?" मी म्हटलं, काळ बदलला. इंगुनने विचारलं, असा किती वेळा गेलायस. एकदा. गोठलेल्या तळ्यावर. वारा पाठीशी होता हे सांगितलं नाही.

१४ मार्च, सकाळी ६.१०
उणे दोन. बिल्ला मिळायलाच हवा. दुसरा विचार करायचा नाही. रविवारी चार वर्षांची दोन मुलं, एकटा मी. नाही.

१४ मार्च, संध्याकाळी
पहिले नऊ किलोमीटर अप्रतिम. सपाट होते.
मग चढ. पायथ्याशी सासरे उभे, कोटाच्या आतल्या खिशात चिकट मेणाची ट्यूब ऊबेला ठेवून. म्हणाले, दोन मिनिटांत लावून देतो. क्लबचे लोक बघत होते. मी मान उडवून पुढे गेलो. चाळीस पावलांवर स्की मागे सुटली. काठ्या रोवल्या, तरी सुटली. पुन्हा चढलो, पुन्हा घसरलो. तिसऱ्यांदा थेट सासऱ्यांच्या पायाशी आलो आणि म्हटलं, द्या.
ते म्हणाले, "संपली. त्या काकांना दिली आत्ताच. त्यांनी नीट विचारलं."
पंच्याहत्तरीचे काका वर वळणापाशी होते. चालत चालत गात होते.
पुढचे सगळे चढ बदकासारखे पाय फाकवून चढलो. पंचविसाव्या किलोमीटरला दंड संपले. चाळिसाव्याला एका झाडाशी बोललो. शेवटच्या टप्प्यावर मागे फक्त थकलेल्यांना उचलून नेणारी आयोजकांची गाडी. त्यातला माणूस दर दहा मिनिटांनी विचारायचा, बसता का. फार सभ्य माणूस.
वेळ: सात तास अकरा मिनिटं. थोडक्यात हुकलं.

१५ मार्च
हात वर उचलत नव्हते, दाताचा ब्रश इंगुनने धरला.
शर्यत पुन्हा तपासून बघितली. बर्फ ओला होता. तुकडी चुकीची. माझा दोष असा कुठेच सापडत नाही. हे तिला सांगितलं. पुढच्या वर्षी फक्त मेण लावून, असंही म्हटलं. ती म्हणाली, ठरलं होतं ना.
मी विचारलं, मग तुझी तयारी मी करून घेऊ का? अनुभव आहे.
ती म्हणाली, "मेण बाबा लावतील. तू मुलांच्या हातमोज्यांचं बघ."

२२ मार्च, रविवार
इंगुन नऊला सरावाला गेली. क्लबच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.
हातमोजे एकूण चार. साडेअकरापर्यंत दोन सापडले, दोन्ही डाव्या हाताचे. अजून घराबाहेर पडलेलो नाही.