सप्तापूरचा समुद्र

२ डिसेंबर १९६३, सोमवार

शेवटची पायरी चढताना पदर खिळ्याला अडकला. तोल जाऊ नये म्हणून मी कठडा घट्ट धरला, आणि खालची मंडळी हसली तशी मीही हसले. गुरुराजांनी हात देऊन मला वर घेतलं. मग शिडी ओढून आडवी बांधली, घड्याळ पाहिलं आणि नोंदवहीत लिहिलं : सकाळी ९.१०, कारवार सोडलं.

कारवार इथून शंभर मैलांवर आहे. नाव उभी आहे धारवाडला, सप्तापुरात, आमच्या परसात, लाकडी टेकूंवर. जमिनीपासून कठड्यापर्यंत नऊ फूट.

नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, इथे लिहिते. लग्नाला आज आठ दिवस झाले. मी छत्तीस वर्षांची, ते पन्नाशी ओलांडलेले बिजवर. पहिली बायको शकुंतला सहा वर्षांपूर्वी बुडून गेली एवढं स्थळ सांगताना कळलं होतं. जहाजांवर वीस वर्षं इंजिनियर होते. उरलेलं आयुष्य दोघांनी नावेवर काढायचं, कारवारहून लक्षद्वीप, कोलंबो, पुढे आफ्रिका, असा त्यांचा बेत आहे. मी बेळगावच्या शाळेतली नोकरी सोडली ती याच बेतावर भाळून. बारा वर्षं मुलींना नकाशात समुद्र दाखवला. पाहिला मात्र एकदाच.

पण आधी ही शिकाऊ सफर. चाळीस दिवस न उतरता इथेच राहायचं. जो जमिनीवर चाळीस दिवस राहू शकत नाही तो पाण्यावर काय राहणार, असं ते म्हणतात. पटण्यासारखं आहे.

एकतीस फुटी नाव. साग दांडेलीचा, तांब्याचे खिळे हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातले. आत दोन फळ्यांच्या खाटा, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, डब्यांना पट्ट्या. प्रत्येक वस्तूला जागा आहे. माझ्या चष्म्यालासुद्धा त्यांनी एक खोबण कोरून ठेवली आहे.

४ डिसेंबर

चार तास ते जागे, चार तास मी. डोलकाठीवरची चिंधी पाहून वारा लिहायचा. वाऱ्यावरून ते हिशेब करतात आणि नकाशावर पेन्सिलीनं टिंब देतात. आज आम्ही किनाऱ्यापासून सत्तर मैल आत आहोत.

कुंपणापलीकडे विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत. सकाळी दात घासत ती मुलं विचारतात की अक्का, आफ्रिका आली काय, येताना एक सिंह आणा. मी हात हलवला. गुरुराजांनी सौम्यपणे सांगितलं की तिकडे पाहायचं नाही. तिकडे पाणी आहे. एकदा पाहिलं की सवय मोडते.

अंबूताई, माझ्या नणंदबाई, नियम आमच्यापेक्षा कडक पाळतात. नावेखालून जातात, वर पाहत नाहीत. मला गंमत वाटते. गुरुराज पहिल्यांदा परदेशी जाऊन आले तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून याच घरानं त्यांना पंचगव्य पाजलं होतं. आता घरादाराचा समुद्रावर एवढा विश्वास.

विहिरीवर एक बाई भांडी घासते. चेहरा दिसत नाही.

९ डिसेंबर

गाठी शिकते आहे. त्यांचे हात सुंदर आहेत. बंदरांच्या गोष्टी सांगतात. आज वाटलं की उशिरा का होईना, बरं झालं.

१५ डिसेंबर

लिंबं संपली. अंबूताई खाली मिरच्या वाळत घालत होत्या. मी हळूच हाक मारली. वन्सं, दोन लिंबं द्या, दोरीला बांधा. त्यांनी मिरच्या पसरल्या, हात झटकले, आत गेल्या.

ऐकू गेलं नसेल असं म्हणावं, तर त्यांचे कान घुबडाचे आहेत.

गुरुराजांनी विचारलं की कुणाला हाक मारलीस. रागावले नव्हते. चारशे मैलांत कुणी नाही, म्हणाले, आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

१८ डिसेंबर

तानूबाई अळणावराकडून पत्रावळी घेऊन येते. गुरुराज झोपले होते. ती खाली उभी राहून सरळ माझ्याकडे पाहून बोलू लागली. सोळा दिवसांत खालचं कुणीतरी पहिल्यांदाच थट्टेवाचून बोललं. तू नवी काय गं, म्हणाली. पहिली ती बघ की, तिकडं भांडी घासतीय.

मी म्हटलं पहिली बुडाली.

तानूबाई हसली. बुडतीय कुठं, परसात गुडघाभर पाणी न्हाई. ही उतरली अन् बामणांनी तिला जाळली. मीच पानं आणली होती पळसाची, तीनशे साठ, मोजून. बाहुली केली पानांची अन् जाळली. ही तिथंच उभी, बघत. मला बाई त्या दिवशी भाकर गेली न्हाई.

१९ डिसेंबर

जुनी नोंदवही खाटेखाली होती. अक्षर त्यांचंच.

एकतिसावा दिवस. दुपारी ३.४०. शकुंतला पाण्यात. दीड तास शोध. सापडली नाही. वारा नैर्ऋत्य. वाटचाल चालू.

शास्त्रातला विधी मला ठाऊक आहे. परमुलखात मेला, देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात. घरचे पुरोहित बाळाचार्य यांना पुरावा ही नोंद. डोळे फसतात, लिहिलेलं फसत नाही, असं ते माझ्या लग्नातही कशावरून तरी म्हणाले होते.

२३ डिसेंबर

आज विचारलं. ते रडले. सहा वर्षं झाली तरी ती हाक ऐकू येते म्हणाले. मी विहिरीकडे बोट दाखवलं. ती तिथे होती, कळशी घासत होती. त्यांनी दुर्बीण घेतली आणि नीट, बराच वेळ, तिच्यावर रोखली.

लाटा, म्हणाले.

खोटं बोलणारा माणूस मला कळतो. बारा वर्षं वर्गात उभी होते. ते खोटं बोलत नव्हते.

२६ डिसेंबर

तानूबाईजवळ बेळगावला चिठ्ठी दिली, धाकट्या भावाला, राघवेंद्रला. मला उतरायचं आहे, पण जिवंत उतरायचं आहे. तू येऊन चारचौघांसमोर माझा हात धरून उतरव, आणि माझं नाव घे. मग कुणाला काही म्हणता येणार नाही.

दुपारी मी शकुंतला म्हणून हाक मारली. तिनं वर पाहिलं. माझ्याहून लहान असेल. मान हलवली. नको.

उतरू नको, की हाक मारू नको?

३१ डिसेंबर

राघवेंद्र आला. घरात कॉफी प्याला. मी कपबशीचा आवाज ऐकला. मग नावेखाली आला, पण वर न पाहता टेकूशी बोलावं तसा बोलला. अक्का, दहा दिवसांचा प्रश्न आहे. आपल्या धाकटीचं, वत्सलेचं, धारवाडलाच ठरतंय, बाळाचार्यांच्याच ओळखीत. आता काही बोभाटा झाला तर पोरीचं लग्न मोडेल. तू समजूतदार आहेस.

त्याला मी पाटीवर अ काढायला शिकवला.

मी म्हटलं वर बघ. त्यानं घड्याळ पाहिलं. गाडी चुकेल म्हणाला.

४ जानेवारी १९६४

विद्यार्थी आता थट्टा करत नाहीत. अंबूताईंनी जाऊन सांगितलं असावं. दात घासतात, चूळ भरतात, माझ्या आरपार पाहतात.

धुकं. सकाळी परस दिसला नाही. ओठांवर मीठ. घाम असेल. घामच —

६ जानेवारी

जमीन हलते. टेकू तपासायला वाकले तर ते म्हणाले खोली मोजू नकोस, इथे तळ नाही.

विहीर दिसली. मग बराच वेळ दिसली नाही. मग दिसली. मी ती मोजत बसते. दिसली की आकडा लिहिते. आज अकरा.

८ जानेवारी

पिंपात वीतभर पाणी. उद्या-परवा चाळीस भरतात. त्यांनी नकाशा पसरला. वारा उलटा होता, म्हणाले. आफ्रिकेचं मोंबासा बंदर अजून सहाशे मैल. आणखी बावीस दिवस. पाणी आता रोज अर्धा पेला.

मी ओरडले. मी उतरते, परवा मी उतरते, सगळ्या सप्तापुरानं ऐकावं.

अंबूताई खाली पापड उलटत होत्या. उठल्या. चपला घातल्या. बाळाचार्यांच्या घराच्या दिशेनं गेल्या.

गुरुराजांनी माझे केस विंचरले. समुद्रावर बायकांना असं होतं म्हणाले. शकुंतलेलाही आधी असंच —

९ जानेवारी

तानूबाई आली. डोक्यावर पानांचा भारा. पत्रावळी नव्हेत. सुटी पानं, पळसाची.

मी विचारलं कुणासाठी. तानूबाई, कुणासाठी गं?

भारा ओसरीवर टाकला. मोजून घेतला अंबूताईंनी. मी हाक मारत राहिले.

तिनंही वर —

१० जानेवारी

विहिरीच्या दगडावर बसून लिहिते.

दुपारी सांगितलं, जाते. अडवलं नाही. घड्याळ काढलं. मी कठड्यावर पाय टाकला. वाटलं, आता तरी हात धरतील. त्यांनी शाईत टाक बुडवला.

उडी मारली. घोटा मुरगळला. जमीन कोरडी. दोन्ही हातांनी चाचपली, माती तोंडात घातली. माती.

वरून हाक आली. मथुरा. लग्नापासून कधी नावानं हाक मारली नव्हती. मथुरा, मथुरा, चारी दिशांना. बुडत्यासाठीचं रबरी कडं फेकलं, माझ्या पायाशी पडलं. मी म्हटलं मी इथे आहे. कडं उचलून धरलं. मी इथे आहे. ते वाकून पाहत होते. डोळ्यांतून पाणी. माझ्या डोक्यावरून, पलीकडे. दीड तास. मी दीड तास ओरडले.

खोल्यांच्या खिडक्या लागल्या. एक एक. अंबूताई दारात. मी त्यांचा हात धरला, गरम होता. त्यांनी तो सोडवलाही नाही. माझा हात तसाच लटकत ठेवून दाराला कडी —

नावेवर नोंदवहीचं पान उलटलं. वाटचाल चा

११ जानेवारी, शनिवार

सकाळी आठ वाजता बाळाचार्य आले. परसात शेणानं सारवलं. तीनशे साठ पानांचा देह केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, वर माझं जुनं पातळ गुंडाळलं. लग्नातला शालू अंबूताईंनी पेटीत ठेवला. नवरा समुद्रावर म्हणून अग्नी द्यायला भाऊ. राघवेंद्र पहिल्या गाडीनं आला होता. त्याची नजर माझ्या पायांपर्यंत आली आणि तिथून परत गेली. मंत्रात माझं नाव आणि गोत्र बरोबर घेतलं. पानं लवकर जळली. मंडळी नहाणीघराकडे गेली. मी विहिरीवर आले. शकुंतलेनं दगडावरची पातेली एका बाजूला सरकवली आणि मला जागा दिली.