सांध्यावरचा फुगा

ता. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. शाळेत मला सातवीचं विज्ञान दिलंय. पोरं मला अजिबात घाबरत नाहीत, त्यामुळे मीच त्यांना घाबरून असते.

थंडीभर झाकून ठेवलेलं अंगणातलं ग्रिल तुम्ही आता काढणार, असं आई फोनवर म्हणाली. तुम्ही आत्ता कुठे तापातून उठलाय, तेव्हा बेताने घ्या. आणि हसणार नसाल तर थोडं सांगते. आधी सिलिंडर बंद करा आणि ग्रिल गार असेल तेव्हाच हात लावा. जाळी तारेच्या ब्रशने घासली की ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ब्रशची तुटकी तार मासळीबरोबर कुणाच्या तरी घशात जायची. खालच्या ट्रेमधली जुनी चरबी खरवडून काढा, पेट घेते ती तीच. बंद बर्नरच्या नळीत कोळी घर करतो, तेही पाहा. पेटवताना झाकण उघडंच हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बर्नर बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. फुगा आला तर तिथे गळती आहे, लगेच सिलिंडर बंद करायचा. आपल्या घरात आजवर हे कुणी केलेलं नाही, कारण आपल्याकडे तुमचं नाक आहे. माझ्यासाठी एकदा करा.

आईला नमस्कार. तुमची माया आहे तोवर माझा आगाऊपणा चालायचाच.

आपली,
ठमी


ता. १२ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईने मोठ्याने वाचलं आणि मीच गळका सिलिंडर असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. घराण्यातली पहिली पदवी माझ्या ग्रिलवर अशी कोसळेल असं वाटलं नव्हतं.

बाईसाहेबांच्या हुकमाप्रमाणे जाळी घासली, पुसली, चरबी काढली. एका नळीत खरंच जाळं निघालं. कोळी भाडं न देता राहत होता. साबणाचं पाणी मात्र कपड्यांसाठी राखून ठेवलंय. अगं, शेजारच्या शिंपीणबाईंकडे दूध करपलं तर त्यांच्याआधी मला कळायचं. रोज सकाळी वाकून मी एकेका सांध्याला नाक लावतो. वास नाही म्हणजे गळती नाही. तीस वर्षं याच नाकावर खानावळ चालली.

एक गंमत सांगतो. परवा पहिल्या ठिणगीला बर्नर पेटला नाही. म्हटलं, राहू दे. झाकण लावलं आणि तिथेच बसून टोपलीभर कांदे चिरले. मग झाकण उचलून पुन्हा ठिणगी दिली, तर भप्पकन जाळ तोंडावर आला. मधल्या वेळात बटण चालूच राहिलं होतं म्हणे. डावी भुवई रजेवर गेलीय. गिऱ्हाइकं विचारतात तेव्हा बायकोने उपटली म्हणून सांगतो.

पोरांवर ओरडू नकोस. जीव लावतेस तसाच लाव, आमच्यावरही.

तुझे,
बाबा

ता. क. ठमे, पाकीट चिकटवायच्या आधी मागच्या बाजूला मी लिहितेय, ह्यांना ठाऊक नाही. त्या जाळाच्या वेळी मी बाजारात होते. आल्यावर ह्यांचं तोंड पाहिलं आणि हातातली पिशवीच सुटली. गेल्या आठवड्यात चुलीवर दूध करपून पातेलं काळं झालं, अंगणापर्यंत वास आला, आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. काल मासळी नासली होती, तर ताजी आहे म्हणून गिऱ्हाइकाशी भांडले. तापाने ह्यांच्या डोक्यावर काही परिणाम झाला असेल का गं? तू शिकलेली आहेस. मला रोज भीती वाटते. — आई


ता. १६ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत उघडलं. भुवईपर्यंत हसत होते. मग पान उलटलं, आईचं वाचलं, आणि पुन्हा पहिल्या बाजूला आले. तुम्ही कांदे चिरत बसलात तिथेच वाचणं थांबलं. ग्रिलशेजारीच बसला होतात ना? मग बाबा, वास कसा आला नाही?

बाजूच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी बाहेर येऊन घरी फोन लावला. आईला सिलिंडर बंद करायला लावलं आणि तिचं होईपर्यंत फोन कानाला लावूनच उभी राहिले. मग तुम्हाला विचारलं, तर समोर गिऱ्हाईक असल्यासारखं गोड बोललात आणि फोन ठेवलात. म्हणून लिहिते. कागद तुम्हाला फोनसारखा ठेवून देता येणार नाही.

आई समजते तसं तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. दूध, मासळी, गॅस, तिन्ही वेळा चुकलं ते एकच. तापात तुमचं नाक गेलंय. बाबा, गॅसला वास मुद्दाम देतात, माणसाला कळावं म्हणून. आणि तुम्ही रोज सकाळी वाकून सांध्याला नाक लावता, काही येत नाही, म्हणून निर्धास्त होऊन ठिणगी देता. हे डोळ्यांसमोर आलं की माझ्या हातातला खडू खाली पडतो. रस्त्यात कुणी लायटर पेटवला तरी दचकते.

रागवा, हवं तर आगाऊ म्हणा, पण खरं सांगा. शनिवारी मी येते आहे. तोवर ग्रिल पेटवू नका. या पत्राला उत्तर म्हणून मला बाकी काही नको, तुम्ही हवे आहात.

आपली,
ठमी


ता. १९ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

येतेच आहेस, तरी लिहितो. तोंडाने मला हे जमणार नाही.

ताप उतरला त्या दिवशी आईने चहा दिला. गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं. म्हटलं, येईल हळूहळू. आलं नाही. मग फोडणीच्या आवाजावर आणि कांद्याच्या रंगावर भागवायला लागलो. कुणाला सांगणार? ज्याला वास कळत नाही त्याच्या हातचं कोण खाईल? तुझ्या आईलाही बोललो नाही. ती मला वेडा समजून घाबरतेय, हे काल तिने रडत सांगितलं तेव्हा कळलं.

तुझं पत्र वाचून अंगणात गेलो. ग्रिल पेटवलं नाही. वाटीत साबण कालवला. खरं सांगायचं तर तू चुकलीस हे दाखवायलाच निघालो होतो. बर्नर बंद ठेवले, सिलिंडर उघडला, सांध्यांवर फेस लावला. वरचे सांधे गप्प होते. नळी ग्रिलच्या पोटात शिरते तिथे मात्र एक फुगा आला, वाढला, फुटला. मग दुसरा. मी वाकून अगदी जवळ नाक नेलं. काही नाही. तुझ्या आईला हाक मारली, तर ती दारातूनच पदर नाकाला लावून ओरडली, की बंद करा आधी.

बंद केलं. वाटी हातात घेऊन तिथेच बसलो. ठमे, रोज सकाळी मी सगळ्यात जास्त वेळ नाक लावायचो तो हाच सांधा. आणि त्यानंतर ठिणगी द्यायचो.

मेकॅनिक नळी बदलून गेला. डॉक्टरकडे तू आल्यावर जाऊ, एकट्याने धीर होत नाही. आता सांध्याला फेस मी लावायचा आणि शेजारी आईने उभं राहायचं, असं ठरलंय. काल ती उगाचच एकेक वास सांगत बसली, शिंपीणबाईंकडे दूध तापतंय, कुंडीतली माती ओली आहे. मी ऐकत होतो.

लोभ आहेच. थोडी भीतीही असू दे, मीही ठेवीन.

तुझे,
बाबा