विंगेतून आलेली ओळ

७ जुलै
नवी शाळा, आणि मी आल्या आल्या चक्क नाटकात! आईची खात्री होती की नव्या गावात मी महिनाभर तोंड फुगवून बसणार. हरली बिचारी. तालीम शाळेच्या सभागृहात होते. रंगाचे डाग पडलेला मंच, कुरकुरणाऱ्या पायऱ्या, पडद्याला धुळीचा वास. मला दासीचं काम मिळालंय. राणी झालीय माझ्याच बाकावरची मुलगी. तिला सगळे टकळी म्हणतात आणि ते अगदी खरं आहे, घास गिळायच्या आत तिची दोन वाक्यं होतात. खोटे दात कुठेही विसरणारे आजोबा, ते दात पळवणारी मांजर, तिचं अख्खं घर मला तोंडपाठ झालंय.

१० जुलै
इथली गंमतच आहे. नाटकाला प्रॉम्प्टर नाही. डाव्या विंगेत त्याची खुर्ची मात्र आहे आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही. नाटकाच्या बाई म्हणाल्या, पाठांतराचा बाऊ करू नका, अडलात तर गप्प उभं राहा, ओळ येते. आधीच्या शाळेत मीच प्रॉम्प्टर होते, कुजबुजून कुजबुजून घसा बसायचा माझा. म्हणून विचारलं, ओळ काय पोस्टाने येते? सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

१५ जुलै
आज टकळी अडली. डाव्या विंगेकडे तिने कान दिला आणि मग अख्खा उतारा असा म्हणाली की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विंगेतच होते. खुर्ची रिकामी होती, पण कुजबुज मीही ऐकली. कोरडा आवाज, बाईचा की पुरुषाचा ते कळेना. अंगावर काटा आला आणि त्याहून जास्त राग आला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, नाट्यस्पर्धेत आपल्याला दरवर्षी ढाल मिळते ती उगाच नाही.

२१ जुलै
डबा खाताना टकळी गप्प. आजोबा कसे आहेत विचारलं. तिने मान डावीकडे कलती केली, ऐकलं, मग म्हणाली की त्यांची प्रकृती उत्तम आहे. तिच्या घरच्यांना वाटतंय, पोरगी शहाणी झाली. नाटकातली वरच्या वर्गाची मुलंही अशीच बोलतात. आधी मान कलती, मग गुळगुळीत उत्तर. इतके दिवस माझे डोळे कुठे होते?

माझी मैत्रीण कुणाच्या बापाची मालमत्ता नाही.

२४ जुलै
माझं पाठांतर पक्कं केलं. माझा एक शब्दही अडणार नाही. टकळीला बाजूला घेऊन सांगितलं, सोड हे नाटक. मान कलती झाली. मग म्हणाली, नाटक हेच माझं सर्वस्व आहे. सर्वस्व! टकळी मेली तरी असला शब्द वापरणार नाही.

२८ जुलै
रंगीत तालीम. टकळी अडली, तिने कान दिला — आणि मी जाऊन त्या खुर्चीत बसले. बर्फासारखी गार. बाई किंचाळल्या. मी ओळ सांगितलीच नाही. सांगितलं, मांजरीने आजोबांचे दात पळवले, आठवतंय का गं? माझ्या कानाशी दुसरं कुणीतरी बोलत होतं. मी त्याच्यावर आवाज चढवला. मांजर! दात! पुन्हा, पुन्हा. टकळी फिस्सकन हसली. मग जी सुरू झाली ती थांबेना, रडत होती आणि बोलत होती.

उठवलं मी त्याला त्याच्या जागेवरून.

२९ जुलै
त्याला बसायला दुसरी जागा हवी होती. ती मिळाली — माझा डावा कान.
आईने जेवायला हाक मारली. मी 'आले' म्हणायच्या आधी त्यानेच 'आले' सांगितलं. म्हणून गेलेच नाही. उपाशी राहिले. बरं केलं.

३० जुलै
लिहितानाही सांगतो. आधी त्याचा शब्द, मग माझा हात. आज आधी लिहिलेल्या चार ओळी खोडल्या — माझ्या नव्हत्या.
टकळी येऊन तासभर बडबडली. किती गोड वाटलं. मी मान सरळ धरली होती — दोन्ही हातांनी —

३१ जुलै
म्हणतोय, हरले असं लिही.
नाही लिहिणार.
वाक्य पुरं करायला तो पुढे येतो. मग मी पुरंच करणार नाही. जिभेवर आलेलं गिळीन, उसनं बोलणार नाही. ऐकतोयस ना, खुर्चीतल्या? बस वाट बघत. मी तुला कधीही