कमरेतले स्क्रू

३ मार्च
पडले! पाण्याच्या टाकीवर चढले होते — नदी कुठे वळते ते बघायला. शिडीची पायरी निखळली. नदी काही दिसली नाही! आता दवाखाना. कमरेत नुसती आग. आडवं पडून लिहितेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

५ मार्च
दादा आला, ग्रीसने माखलेल्या हातांनीच. इंजिन फिटर ना! घरात आम्ही दोघंच.
डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "कमरेचं कडं पुढून-मागून तुटलंय. अस्थिर आहे."
"लहानपणापासूनच," दादा म्हणाला. "एका जागी टिकतच नाही हो."
"अहो, फ्रॅक्चर अस्थिर आहे! स्क्रू घालून स्थिर करावं लागेल."
"घाला. चांगले लांब घाला!"
हसले, आणि हसल्याबरोबर कळवळले. परत हिंडता येईल का विचारलं. बाई म्हणाल्या, "हाडं नीट जुळली तर." तेव्हापासून त्या 'तर'वरच पडून आहे.

७ मार्च
झालं! चिरा अगदी एवढ्याएवढ्याशा. पडद्यावर बघत बघत स्क्रू थेट पाठीच्या बुडाशी नेऊन घट्ट पिळले म्हणे. शुद्धीवर आले तर दादा बाईंना विचारतोय, "वॉशर घातलात ना?"
"घातलाय!"
गडी खूश. मी पास झाले तेव्हाही एवढा खुलला नव्हता. — पास झाले कुठे म्हणा.

१९ मार्च
घरी. पाय टेकायचा नाही. समोरच्या पत्र्यावर मांजर कावळ्याच्या मागावर. दुपार त्यातच गेली. कावळा जिंकला.

२२ एप्रिल
कुबड्या. दादा म्हणतो, "आता तरी एका जागी राहायला शीक."
"पाय टेकू दे फक्त, बघ कशी सुसाट सुटते!"
एरवी लगेच उलट बोलतो. आज नुसता कुबड्यांचे स्क्रू आवळत बसला. चिडला वाटतं.

३० मे
हाडं जुळली! "टाका पूर्ण वजन," बाई म्हणाल्या. टाकलं! गल्लीच्या टोकापर्यंत लंगडत गेले. दादा मागे मागे — "खटखट आवाज येतोय का कुठून?"
"नाही!"
"मग फिटिंग पक्कं." डोळे पुसत होता. धूळ गेली म्हणे.
परवा निघायचं. डोंगरापलीकडे. झोळी भरली. दादाला सांगू कशी?

३१ मे
सांगायला गेले तर दादाच बॅग भरतोय. जहाजावर इंजिनाचं काम मिळालंय. मी पडले त्याच आठवड्यात निघणार होता — तेव्हाचं जहाज माझ्यापायी सोडलं, हे आज कळलं.
"आता जाऊ का गं?"
"जा रे," म्हटलं. "घरी मी आहे."